पाकिटावर पूर्ण हिशेब छापा : कुत्र्यामांजरांचं खाद्य बनवणाऱ्यांना आणि त्यासाठी नियम करणाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय उत्पादक आणि नियामक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कुत्र्यामांजरांच्या खाद्याचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि राख (म्हणजे नमुना जाळल्यावर उरणारी खनिजं) यांचे आकडे आम्ही काढतो आणि अहवालावर सही करतो. हे आकडे पुढे पाकिटावर ज्या रूपात उतरतात, त्याबद्दल हे पत्र आहे. आम्ही दिलेलं बरंच काही छपाईपर्यंत पोचत नाही. जे पोचतं, त्यावरून घरातल्या प्राण्याला रोज किती घालायचं हे सामान्य माणसाला नीट काढता येत नाही.

मागणी आधीच सांगते. खाद्यातून मिळणारी ऊर्जा प्रत्येक पाकिटावर आणि डब्यावर ठळक छापा. ती प्राण्यांवर चाचणी घेऊन मोजली की सूत्राने काढली, तेही लिहा. किमान-कमाल मर्यादांच्या जोडीला प्रत्यक्ष मोजलेली सरासरी द्या, आणि त्यात राख वगळू नका. घालण्याचं प्रमाण ग्रॅममध्ये द्या, आणि ते प्राण्याच्या योग्य वजनावर ठरवलेलं असू द्या. यातली एकही माहिती तुम्हाला नव्याने शोधावी लागणार नाही. ती तुमच्या फायलींत आहे.

मी एवढी आग्रही का आहे, तेही सांगते. माणूस दिवसभरात दहा प्रकारचं खातो. एका पदार्थात काही कमी पडलं तर दुसऱ्यात भरून निघतं. पाळलेल्या कुत्र्याला किंवा मांजराला तशी सोय नाही. बहुतेक घरांत एकदा एक खाद्य सुरू झालं की तेच वर्षानुवर्षं चालतं. 'संपूर्ण आणि संतुलित' असं तुम्हीच वर लिहिलेलं असतं, त्यामुळे दुसरं काही घालायची गरज नाही असं घरचे मानतात आणि ते बरोबरच आहे. पण मग त्या एका पाकिटातल्या लहानशा चुकीचाही रोज गुणाकार होत जातो. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० किलोकॅलरी लागतात असं धरा. त्यात पाच टक्के जास्त गेले तर ते ३० किलोकॅलरींच्या आसपास होतात, म्हणजे जेमतेम मूठभर दाणे. वर्षभरात त्याच्या ११,००० किलोकॅलरी होतात. एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० किलोकॅलरी धरल्या, तर कागदावर हा हिशेब दीड किलोच्या जवळ जातो. वजन वाढलं की गरजही थोडी वाढते, म्हणून प्रत्यक्षात वाढ याहून कमी दिसेल. पण दहा किलोच्या कुत्र्याला एक किलोसुद्धा थोडी नाही.

जास्त खाण्याने नेमकं काय बिघडतं हे आता अंदाजावर राहिलेलं नाही. ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य द्यायचं, असा एक दीर्घ अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री जितकं जगली ते वय, १३ वर्षं भरलं आणि जास्त खाणाऱ्यांचं ११.२ वर्षं. शिवाय सांध्यांची झीज आणि इतर जुनाट आजार कमी खाणाऱ्यांत उशिरा सुरू झाले. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे किती, हे ज्याने कुत्रा पाळलाय त्याला सांगायला नको. त्यातही जास्त खाणारी कुत्री काही बेसुमार लठ्ठ नव्हती. घरोघरी दिसतात तशी जरा भरलेली होती, एवढंच.

आता गरज कशी काढतात ते बघू. तुमच्या तक्त्यांची अडचण तिथूनच सुरू होते.

मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली उंदरापासून गुराढोरांपर्यंतच्या प्राण्यांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं, की विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही; ती वजनाच्या साधारण पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. पशुवैद्यकात आजही तेच सूत्र वापरतात : किलोमधल्या वजनाचा ०.७५ वा घात, गुणिले ७०. हे वाचून घाबरायचं कारण नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर वजन गुणिले वजन गुणिले वजन करा आणि मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. दहाचे हजार होतात, त्याचं वर्गमूळ ३१.६ आणि त्याचं पुन्हा ५.६२. त्याला ७० ने गुणलं की ३९४ किलोकॅलरी. ही नुसती विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ती १.६ ने गुणतात, म्हणजे ६३०. नसबंदी न झालेल्यासाठी १.८ ने, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी तिपटीने. नसबंदी झालेल्या मांजरासाठी १.२ ने गुणतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला २४० किलोकॅलरींच्या आत-बाहेर लागतात. घरातच राहणाऱ्या निवांत मांजराला त्याहूनही कमी, अगदी १९० पर्यंत, पुरतात.

हाच हिशेब वीस किलोच्या कुत्र्यासाठी करून बघा. विश्रांतीची गरज येते ६६२. वजन दुप्पट झालं, पण गरज दुप्पट झाली नाही, ती १.६८ पट झाली. आता एखादं पाकीट हातात घ्या. '१० ते २० किलो' अशी एकच ओळ आणि तिच्यापुढे ग्रॅमचा ऐसपैस पल्ला, असा तक्ता सर्रास दिसतो. या पल्ल्यात माझा कुत्रा कुठे बसतो, हे घरच्या माणसाने ठरवायचं कशावरून? नसबंदी झालेली आहे की नाही, कुत्रा दिवसभर पळतो की झोपतो, याचा तिथे उल्लेखही नसतो. एकाच वजनाच्या, एकाच वयाच्या दोन कुत्र्यांची गरज सूत्रापेक्षा निम्म्याने कमी किंवा दीडपट असू शकते, हे तुमच्या पोषणतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच तक्ता ही सुरुवात असते. पुढे दर पंधरवड्याला वजन करून प्रमाण बदलायचं असतं. हे एक वाक्य तक्त्याखाली मोठ्या अक्षरात छापायला किती जागा लागते?

मापाच्या कपाचंही तेच. अनेक पाकिटांत कप येतो, आणि तक्ताही कपातच असतो. दाणे कपात ओतताना कधी मोकळे बसतात, कधी दाबले जातात, कधी वर टेकडी होते. लोकांना कपाने दाणे मोजायला लावून त्यांचं वजन करण्याचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात चूक १८ टक्के कमीपासून ८० टक्के जास्तपर्यंत निघाली. लहान माप घेताना चूक मोठी होते, म्हणजे फटका बसतो तो लहान कुत्र्यांना आणि मांजरांना. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा याहून कितीतरी विश्वासू आहे. कप द्यायचाच असेल तर द्या, पण शेजारी ग्रॅम हवेतच.

आता माझ्या कामाच्या खोलीत चला. पाकिटावरचा 'प्रोटीन २६ टक्के किमान' हा आकडा कसा जन्मतो, हे नियम करणाऱ्यांतल्या प्रत्येकाने एकदा डोळ्यांनी पाहावं असं मला फार वाटतं.

दाणे दळून त्यांची पूड करायची. त्यातली ग्रॅमभर पूड लांब मानेच्या काचेच्या नळीत घालायची, वर दाहक सल्फ्युरिक आम्ल आणि उत्प्रेरकाची गोळी. तापवायला लागलं की आधी सगळं काळंकुट्ट होऊन फेसाळतं. तो फेस मानेपर्यंत चढू द्यायचा नाही, नाहीतर नमुना गेला. तासा-दोन तासांनी काळेपणा हटून द्रव नितळ होतो. तोवर प्रथिनं, त्यांचे धागे, त्यांचा आकार, सगळं मोडून गेलेलं असतं आणि उरलेला असतो फक्त नायट्रोजन, अमोनियम सल्फेटच्या रूपात. मग त्यात अल्कली घालून अमोनिया ऊर्ध्वपातनाने काढायचा, बोरिक आम्लात पकडायचा आणि ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडत मोजायचा. योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही पद्धत बसवली, ती धान्यातली प्रथिनं मोजण्यासाठी. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरून आलेला आकडा ६.२५ ने गुणायचा, की झालं प्रोटीन.

म्हणजे आम्ही प्रथिन मोजलेलंच नसतं. आम्ही नायट्रोजन मोजलेला असतो. तो स्नायूंच्या मांसातून आला, पिसांतून आला की चामड्यातून, हे त्या ब्युरेटला कळत नाही. पिसांमधलं केराटिन नीट प्रक्रिया केल्याशिवाय कुत्र्याला पचत नाही, पण आमच्या नळीत ते उत्तम विरघळतं आणि चांगला आकडा देऊन जातं.

याची किंमत २००७ साली प्राण्यांनी मोजली. उत्तर अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या मूत्रपिंडांनी एकाएकी काम सोडायला सुरुवात केली आणि खाद्याचे असंख्य प्रकार बाजारातून मागे घ्यावे लागले. गव्हाचं ग्लूटेन म्हणून आलेल्या मालात मेलामाइन, म्हणजे प्लॅस्टिक बनवायला वापरतात ते रसायन, मिसळलेलं होतं. मेलामाइनमध्ये वजनाने सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजन असतो; ६.२५ ने गुणलं तर शुद्ध मेलामाइन '४१६ टक्के प्रोटीन' दाखवतं. सोबत सायन्युरिक आम्लही होतं. दोघांचे मिळून स्फटिक झाले आणि ते मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत बसले. फसवणाऱ्यांना केल्डालची पद्धत ठाऊक होती, आणि ती पद्धत जे विचारत नाही तिथेच त्यांनी हात मारला.

मांजरांच्या हृदयाची गोष्ट याहून जुनी आहे, आणि त्यात कुणी फसवलेलंही नव्हतं. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं, की टॉरिन हे एक अमिनो आम्ल कमी पडल्यामुळे मांजरांचं हृदय फुगून निकामी होत होतं. ती मांजरं विकतचं खाद्य खात होती, आणि ते खाद्य त्या वेळच्या प्रमाणकांत बसणारं होतं. प्रोटीनचा आकडा भरपूर होता, टॉरिनचा आकडा कुणी पाहिला नव्हता. टॉरिन वाढवल्यावर अनेक मांजरांची हृदयं पुन्हा सुधारली, आणि तेव्हापासून मांजरांच्या खाद्यात ते घातलं जाऊ लागलं. हे एवढ्यासाठी सांगते, की एकूण आकडा चांगला असणं आणि आतलं अन्न पुरेसं असणं यांत अंतर राहू शकतं. ते अंतर भरायचं तर जास्त आकडे उघड व्हायला हवेत.

राखेकडे वळते. नमुना मुशीत घालून ५५० अंशांच्या भट्टीत ठेवायचा. सगळं सेंद्रिय जळून जातं आणि मागे फिकट राखाडी भुकटी राहते : कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, सोडियम आणि बाकीची खनिजं. हाडांचा चुरा जास्त असेल तर राख वाढते. हा आकडा काढायला सगळ्यांत सोपा, आणि अनेक पाकिटांवर तोच गायब. राख नसली की कर्बोदकं काढता येत नाहीत, कारण कर्बोदकं कुणी थेट मोजत नाही. शंभरातून ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि राख वजा केली की उरतं ते कर्बोदक, अशी एकोणिसाव्या शतकातली पद्धत आजही चालू आहे. वजाबाकीने आलेल्या आकड्यात बाकी सगळ्यांच्या चुका येऊन साठतात. तंतूंची जुनी चाचणीही नमुना आधी सौम्य आम्लात आणि मग सौम्य अल्कलीत उकळून उरेल ते मोजते. विरघळणारे तंतू त्यात धुऊन जातात, ते वजाबाकीत कर्बोदक म्हणून मिरवतात आणि त्यांना पूर्ण ऊर्जा लावली जाते.

एक उदाहरण घेऊ. सुक्या खाद्याचं पाकीट, त्यावर प्रथिनं २६, स्निग्धांश १५, तंतू ३, ओलावा १०. राख छापलेली नाही, म्हणून ७ धरू. कर्बोदकं उरली ३९. प्रथिनं आणि कर्बोदकं यांना ग्रॅममागे ३.५ आणि स्निग्धांशाला ८.५ किलोकॅलरी लावल्या, तर शंभर ग्रॅममध्ये ३५५ येतात. माणसांच्या अन्नासाठी ॲटवॉटर यांनी बसवलेले ४, ९, ४ हे गुणक पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी जरा खाली आणून हे केलेले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं २००६ चं, तंतूंच्या प्रमाणावरून पचनक्षमता काढणारं सूत्र त्याच पाकिटाला लावलं तर ३७२ येतात. पाच टक्क्यांचा फरक इथेच पडला. आता 'किमान १५' लिहिलेला स्निग्धांश प्रत्यक्षात १८ असेल, तर पहिल्याच सूत्राने उत्तर ३७० होतं. 'किमान' या अटीत १८ बसतो, नियम मोडत नाही. पण घरी बसून हिशेब करणारा माणूस १५ धरून चालतो आणि रोज जास्त घालत राहतो. तंतू भरपूर असलेल्या, वजन उतरवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यात पहिलं सूत्र खऱ्यापेक्षा जास्त ऊर्जा दाखवतं आणि उत्तम पचणाऱ्या खाद्यात कमी. म्हणजे हिशेबाची सगळ्यांत जास्त गरज जिथे आहे, तिथेच अंदाज सगळ्यांत कच्चा. पचनाची चाचणी करून मोजलेला आकडा तुमच्यापैकी अनेकांकडे असतो. तोच छापा.

ओल्या खाद्याच्या बाबतीत तर छापलेल्या टक्क्यांनी सरळ दिशाभूल होते. डब्यावर लिहिलेलं असतं प्रथिनं ९ टक्के, पाकिटावर २६. घेणारा पाकीट उचलतो. त्या डब्यात ओलावा ७८, स्निग्धांश ५, तंतू १, राख २ आणि कर्बोदकं ५ असतील, तर शंभर ग्रॅममागे सुमारे ९१ किलोकॅलरी होतात. दर १,००० किलोकॅलरींमागे प्रथिनं काढली तर डब्यात ९८ ग्रॅम निघतात आणि पाकिटात ७३. चित्र उलटं झालं. प्राणी ऊर्जेची गरज भागेल इतकं खातो, तेव्हा तेवढ्या ऊर्जेसोबत काय काय पोटात गेलं हेच बघायला हवं. अमेरिकेतल्या पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे आफ्कोची, प्रमाणकंही दर १,००० किलोकॅलरींमागे मांडलेली आहेत : प्रौढ कुत्र्यासाठी किमान ४५ ग्रॅम प्रथिनं, मांजरासाठी ६५. खाद्य आखताना तुम्ही ज्या एककात विचार करता, तेच एकक विकत घेणाऱ्यापासून लपवायचं कारण मला समजलेलं नाही.

याचा सगळ्यांत मोठा उपयोग वजन उतरवताना होतो. दहा किलोचा असायला हवा तो कुत्रा १३ किलोचा झालाय असं समजा. हे ओळखायला यंत्र लागत नाही. तळहात छातीच्या बाजूवर सपाट ठेवून हलकेच फिरवा. फासळ्या एक एक करून बोटांना लागल्या पाहिजेत, वर पातळसा थर असावा. त्यासाठी बोटं रुतवावी लागत असतील तर वजन जास्त आहे. पशुवैद्य नऊ गुणांची जी शरीरमापन पट्टी वापरतात, तिच्यात पाचच्या वरचा प्रत्येक गुण साधारण १० ते १५ टक्के जादा वजन दाखवतो.

या कुत्र्याचे घरचे तुमच्या तक्त्यात १३ किलोची ओळ बघतात. वरच्या पाकिटाच्या हिशेबाने त्यांना दिवसाला २१६ ग्रॅम मिळतात. त्याच्या योग्य वजनाची, म्हणजे १० किलोची, नेहमीची गरज १७७ ग्रॅम आहे. वजन उतरवायचं तर योग्य वजनाच्या विश्रांतीच्या गरजेइतकं, १११ ग्रॅम, इथून पशुवैद्य सुरुवात करतात. तुमचा तक्ता जवळजवळ दुप्पट घाला म्हणतो! लठ्ठ प्राण्याला लठ्ठ ठेवणारा तक्ता पाकिटावर असेल, तर आतलं खाद्य कितीही चांगलं असलं तरी उपयोग काय?

खाद्य कमी केलं की त्यासोबत प्रथिनं, जीवनसत्त्वं, खनिजंही त्याच प्रमाणात कमी होतात. जेमतेम ४५ ग्रॅमच्या किमान पातळीवर बेतलेलं खाद्य ३९४ किलोकॅलरींपुरतं घातलं तर दिवसाला १८ ग्रॅमही प्रथिनं मिळत नाहीत, आणि वजन उतरताना स्नायू टिकवायचे तर प्रथिनं उलट जास्तच लागतात. म्हणून अशा कुत्र्यासाठी कोणतं खाद्य चालेल हे ठरवायला दर १,००० किलोकॅलरींमागचा आकडा हवा. मांजरांच्या बाबतीत आणखी एक इशारा पाकिटावर हवा : लठ्ठ मांजराचं खाणं एकदम तोडू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

वरच्या खाऊबद्दल एकच सांगते. दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपर्यंत तो ठेवावा, असं सगळे पोषणतज्ज्ञ सांगतात. पण चघळायच्या काडीवर किंवा बिस्किटावर किलोकॅलरी छापलेलीच नसेल, तर १० टक्के मोजायचे कसे? नगामागे एक आकडा छापा, एवढं पुरे.

तुमच्या बाजूने येणाऱ्या हरकती मी ऐकल्या आहेत. कच्चा माल बदलतो, त्यामुळे प्रत्येक घाण्याचा आकडा वेगळा येतो, ही पहिली. ती खरी आहे, रोज बघते मी. म्हणूनच सरासरी छापा आणि ती किती वर-खाली होते तेही छापा. माल बदलतो म्हणून आकडाच न देणं हा त्यावर इलाज नव्हे. दुसरी हरकत अशी, की लोकांना हे समजणार नाही. मला हे पटत नाही. आजारी मांजरासाठी फॉस्फरस किती आहे हे शोधत चार-चार कंपन्यांना पत्रं लिहिणारी माणसं मला माहीत आहेत. दुखणं आपल्या घरात आलं की लोक आकडे शिकतात. आणि ज्यांना शिकायचं नाही, त्यांच्यासाठी त्यांचे पशुवैद्य वाचतील. त्यांनाही आज तुमच्या ग्राहक कक्षाला फोनच करावा लागतो. जागा नाही, ही तिसरी हरकत. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ताज्या मांसाचं केवढं चित्र असतं!

नियामकांना वेगळं थोडं सांगायचं आहे. तुमचे नियम एकमेकांशेजारी ठेवले तर प्रत्येकाने अर्धं काम केलेलं दिसतं. अमेरिकेतल्या आफ्कोच्या नमुना-नियमांत किलोकॅलरी छापणं आलं, दर किलोला आणि दर कपाला किंवा डब्याला. पण पाकिटावरच्या किमान-कमाल आकड्यांच्या पारंपरिक हमीत राख बंधनकारक नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीत राख छापावी लागते, पण ऊर्जेचा आकडा बंधनकारक नाही. एकीकडे हिशेबाचं उत्तर दिलंय, दुसरीकडे हिशेबाची सामग्री. दोन्ही एकत्र आणायला कोणतंही नवं विज्ञान लागत नाही. आफ्कोने २०२३ साली मंजूर केलेल्या नव्या आराखड्यात माणसांच्या अन्नपदार्थांवर असते तशी पोषण-तथ्यांची चौकट आणली आहे, तिचं मी मनापासून स्वागत करते. बाकीच्यांनी तिच्यापासून सुरुवात करून पुढे जावं : राख, कॅल्शियम, फॉस्फरस आणि मांजरांच्या खाद्यात टॉरिन, सगळं दर १,००० किलोकॅलरींमागे. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तर हाडं वेडीवाकडी वाढतात, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला फॉस्फरस जड जातो. या दोन आकड्यांसाठी कुणाला ताटकळत ठेवू नये.

छापलेल्या आकड्यांची पडताळणीही व्हायला हवी. बाजारातून पाकिटं उचलून स्वतंत्र प्रयोगशाळांत तपासा आणि निकाल जाहीर करा. नायट्रोजनवर न थांबता अमिनो आम्लंही तपासा. त्याला खर्च जास्त येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून निदान प्रथिनांचा स्रोत बदलेल तेव्हा तरी ते सक्तीचं करा.

उत्पादकांना शेवटची विनंती. छपाईचे साचे बदलायला वेळ लागतो, हे मान्य. तोवर प्रत्येक खाद्याचा सरासरी पृथक्करण-तक्ता, घाण्याच्या क्रमांकासह, कुणीही मागितला तर त्याच दिवशी पाठवायची व्यवस्था करा, आणि पाकिटावर फक्त एक ओळ आजच वाढवा : शंभर ग्रॅममागे किती किलोकॅलरी, आणि त्या कशा काढल्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक खाद्य-विश्लेषक